आसनाभोवतीची मोकळी जागा

कुमासीतल्या केजेतियाच्या चौकात टॅक्सी अडली आणि डुफीच्या पुढ्यात ओफिन विद्यापीठाची नवी कोरी बस येऊन उभी राहिली. बसच्या मागच्या काचेवर विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं, काचभर मोठं. सोनेरी ढाल, खाली नदीच्या लाटा, वर उघडं पुस्तक आणि मधोमध आसन. एकाच लाकडातून कोरलेलं, काळं, बैठकीची दोन्ही टोकं वर उचललेली. डुफीनेच काढलेलं. सवयीने तिने आधी सोनेरी रंग बघितला, मग ढालीभोवतीची मोकळी जागा बघितली. सगळं नियमात होतं. ती समाधानाने मागे टेकणार एवढ्यात हरमाटन वाऱ्याच्या धुळीतून कुठून तरी उन्हाची तिरीप आली आणि तिला दिसलं की आसनावर कोणीतरी बसलंय. एक जाडी बाई, दोन्ही हात पोटावर ठेवून. मग तिने पदर सारावा तसा गळ्यातला रुमाल सारला, तर बाईनेही सारला. तिचंच प्रतिबिंब होतं ते. टॅक्सीत पुढच्या सीटवर बसलेली ती काचेत नेमकी त्या आसनावर उतरली होती. ड्रायव्हरच्याही ते लक्षात आलं. "मॅडम, तुमच्याच विद्यापीठाची ना ही बस? बघा, डायरेक्ट गादीवर बसवलंय तुम्हाला! आता माझं भाडं वाढवून द्या." डुफी हसली. दिवा हिरवा झाला, बस पुढे सरकली, बाई आसनावरून उतरली, आणि आसन तेवढं राहिलं. रिकामं. चार लोक बसून उठून गेल्यावर राहावं तसं नाही, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं उभं. त्या क्षणी तिच्या मनात पहिल्यांदा ते वाक्य आलं, आणि आलं तेही आईच्या आवाजात: अगं ए, उठलीस तर आसन आडवं कर.

आईने हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नव्हती. चुलीपुढे बसायचं तिचं बुटकं आसन होतं. उकडलेल्या कंदांचा फुफू कुटून झाला की ती गुडघ्यावर हात रोवून उठायची, आणि पाठ सरळ व्हायच्या आधीच पायाच्या अंगठ्याने आसन ढकलून भिंतीला कलतं करायची. उभं आसन म्हणजे आमंत्रण. आपण उठलो की आपल्या मागे जो कोणी हिंडत असेल तो येऊन बसतो, आणि मग आपण पुन्हा बसलो की दोघं बसतो. मराठी घरात रिकामा पाळणा हलवू देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. कारण कोणी विचारत नाही, पण हात आपोआप आवरतो. डुफीचे वडील आजारी होते तेव्हा आई इस्पितळातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यासुद्धा आडव्या पाडून ठेवायची. नर्स येऊन सरळ करायच्या, आई पुन्हा पाडायची. तेव्हा डुफी शाळेत होती आणि तिला आईची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. मग ती शिकली, परदेशात जाऊन चित्रकलेची पदवी घेऊन आली, दर रविवारी चर्चला जाऊ लागली, तिच्या घरात सोफा आला, आणि सोफा काही कोणी आडवा करत नाही. पण आसनाचं ते सगळं तिला माहीत होतं, हीच तर भीतीची गोष्ट होती. एखादीला माहीतच नसतं तर चूक माफ झाली असती.

टॅक्सी विद्यापीठाच्या चढाला लागेपर्यंत तिला आणखी एक गोष्ट जाणवली होती, आणि ती जाणवल्यावर आसनबिसन सगळं मागे पडलं. बाळ हललं नव्हतं. रोज सकाळी ती कोको प्यायली की पोटात लगेच दणादण सुरू व्हायचं, उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली. आज कोको पिऊन झाला होता, तेव्हा हललं होतं का? हललं असावं. केजेतियाच्या आधी, बाजाराच्या वळणावर, एक लाथ बसली होती, तिने "बस रे" म्हटल्याचं तिला स्पष्ट आठवत होतं. त्यानंतर काही नाही. सातवा सरत आला होता. याआधीची दोन पाचव्यातच गेली होती, एक तर डुफी ऑफिसात एका पत्रिकेवरची ढाल ताणलेली आहे म्हणून कोणाला तरी फोनवर झापत असताना गेलं. म्हणून ह्या खेपेला आईने आधीच नाव ठरवून टाकलं होतं: उकिरडा. ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथे असं वंगाळ नाव ठेवायचं, म्हणजे नेणाऱ्याला वाटतं, ह्यात नेण्यासारखं काय आहे. नवरा बाफो टाकोराडीच्या बंदरात नोकरीला होता, तो रोज रात्री फोनवर विचारायचा, "काय म्हणतोय आमचा उकिरडा?" आणि डुफी फोन पोटाला लावायची. तिने टॅक्सीतून उतरताना पोटावर टिचकी मारली. पोट घट्ट होतं, दगडासारखं. तिने स्वतःला बजावलं की झोपलं असेल.

ऑफिसात शिरताच भिंतीवरून तिची स्वतःचीच नियमावली तिच्याकडे बघत होती. बोधचिन्ह ताणू नये. बोधचिन्ह तिरपं करू नये. त्याचा कोणताही भाग फिरवू नये, झाकू नये, वेगळा काढू नये. ढालीच्या उंचीच्या निम्मी जागा सर्व बाजूंनी मोकळी ठेवावी आणि त्या जागेत काहीही येऊ देऊ नये. विद्यापीठात तिला सगळे मागून फौजदारीण म्हणत आणि तिला ते मनातून आवडायचं. तिने उपाहारगृहाच्या कागदी ताटल्यांवरची ढाल पुसायला लावली होती, धावपटूंच्या बनियनवरची उसवायला लावली होती. फार काय, प्राध्यापक अग्येकुम वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी हौसेने शवपेटीवर ढाल रंगवून घेतली होती, ती आडवी फाकलेली दिसली म्हणून डुफी सुताराच्या कारखान्यात स्वतः गेली होती आणि उभी राहून नीट करून घेतली होती. सुताराने विचारलं होतं, "ताई, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" ती म्हणाली होती, "विद्यापीठाला पडतो." तेव्हा नवं बोधचिन्ह मंजूर होऊन चार दिवससुद्धा झाले नव्हते. म्हणजे, आता खुर्चीत बसता बसता तिच्या ध्यानात आलं, ते उभं आसन सगळ्यांत आधी उमटलं ते ना पदवीच्या कागदावर, ना बसवर. ते उमटलं शवपेटीवर. आणि तिने जवळ उभं राहून त्याच्या चारी बाजूंना वाट मोकळी करून दिली होती. ती पाणी प्यायली, गार, कारण गार पाण्याने बाळ हलतं म्हणतात. नाही हललं.

जुन्या ढालीत आसन आडवं होतं. एका अंगावर पडलेलं, पुस्तकाला टेकलेलं. छपाई करून करून ते इतकं फुटलं होतं की विद्यार्थी त्याला सांडलेला पेला म्हणत आणि माजी विद्यार्थी संघाच्या पार्टीत हमखास कोणीतरी म्हणायचा की संस्थापकांचा चित्रकार ताडी पिऊन बसला असणार. डुफीला नव्याने काढायचं काम मिळालं तेव्हा तिने ते मोबाइलच्या पडद्यावर मावेल एवढं लहान करून बघितलं, तर आसन ओळखूच येईना. तिने उभं केलं. एका झटक्यात ढाल कशी राजबिंडी दिसायला लागली! त्या संध्याकाळी ती स्वतःवर इतकी खूश होती की तिने रस्त्यावरून भाजलेली केळी घेतली आणि शेंगदाण्यांबरोबर चालत चालत खाल्ली. समितीपुढे ठेवलं तेव्हा कुलगुरू होते, दोन पाद्री होते, खुद्द अशांती राजाच्या दरबारातून आलेले एक वृद्ध नाना, म्हणजे मानकरी, होते, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे अशांती जमातीचे, सगळ्यांच्या आयांनी अंगठ्याने आसनं ढकललेली. पण पाद्र्यांना वाटलं असेल की आपण बोललो तर चर्चमध्ये काय म्हणतील, कुलगुरूंना वाटलं असेल की दरबाराला विचारलेलंच असणार, आणि डुफीला वाटलं की एवढी थोरामोठ्यांची समिती आहे, काही वावगं असतं तर बोलले नसते का. ज्याला त्याला वाटलं दुसऱ्याने विचारलं असेल. फक्त नाना छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ पडद्याकडे बघत होते, आणि म्हणाले होते, "छान आहे. पण ह्याच्यावर बसणार कोण?" कुलगुरू लगेच म्हणाले, "आपले विद्यार्थी, नाना!" आणि टाळ्या पडल्या. डुफीनेही वाजवल्या होत्या. नाना त्या दिवशी जेवायला थांबले नव्हते. त्यांना पथ्य असेल असं सगळे धरून चालले.

तिने मामाला फोन लावला. आईला लावला असता तर आई पायीच निघून आली असती. यियादोममामा हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आईचे थोरले भाऊ. भाचीचं लग्न असो की बाळंतपण, बापापेक्षा शब्द मामाचा. तिने हसत हसत, कोणाची तरी गंमत सांगतेय अशा सुरात विचारलं, "मामा, आसन उभं नुसतं चित्रात असलं, तर काही असतं का हो?"

"चित्रात?" मामा खोकले, मग हसले. "चित्रात कोण बसतंय डुफे? कागदावर बसला तर घसरून आपटेल की तो. बिचारा आधीच मेलेला."

"तेच म्हटलं मी."

"कोणी काय म्हणालं का तुला? तो तुमचा रजिस्ट्रार? किनाऱ्यावरच्या माणसांना काय कळतंय आसनातलं. त्यांना म्हणावं मासे मोजा."

"नाही हो, कोणी नाही. सहज."

"शिकलेल्या माणसाने असल्या गोष्टी मनावर घेऊ नयेत," मामा म्हणाले, आणि तिला हायसं वाटणार इतक्यात ते थांबले. फोनमध्ये त्यांच्या अंगणातली कोंबडी ओरडत होती. मग ते अगदी वेगळ्याच, बेताच्या आवाजात म्हणाले, "उकिरडा काय म्हणतोय? हलला ना आज?"

तिने असं काहीच सांगितलं नव्हतं. बाळाचा विषयसुद्धा काढला नव्हता. "हलला की," ती म्हणाली. "सकाळपासून नुसता धिंगाणा चाललाय." खोटं तोंडातून गेलं आणि तिला कळलं की आपण आता एकट्या पडलो. खरं बोलली असती तर मामा आले असते, आई आली असती, कोणी ओरडलं असतं, कोणी रडलं असतं, भीती चार जणांत वाटली गेली असती. पण तोंडाने "हललं नाही" म्हणणं म्हणजे ते खरं करणं, तसं तिला वाटलं. फोन ठेवून ती टेबलाशी उजव्या कुशीकडे कलून बसली, बरगडीखाली दोन बोटं दाबून. तिचं स्वतःचंच रक्त बोटांत धडधडत होतं आणि दर वेळी तिला वाटायचं, हे बघ, हललं, आणि मग ते तिचंच निघायचं. खिडकीबाहेर धुळीत सगळं पांढुरकं झालं होतं, सावल्यासुद्धा पडत नव्हत्या. आपण इस्पितळात जावं, चालत जाण्याइतकं तर जवळ आहे, हे तिला कळत होतं. पण इस्पितळात गेलं की कोणीतरी सांगणार. इथे बसलं की अजून कोणी सांगितलेलं नाही. मागच्या खेपेला एका तरुण डॉक्टरने तिच्याकडे न बघता, हात धुता धुता सांगितलं होतं. नळ चालू होता म्हणून तिला त्याला पुन्हा विचारावं लागलं होतं.

लार्येसाहेब दार न वाजवताच आत आले. रजिस्ट्रार, किनाऱ्यावरच्या आक्राकडचे, गा जमातीचे, नेहमी घाईत आणि नेहमी हसतमुख. मागून दोन गड्यांनी गुंडाळलेलं कापड आणलं. शनिवारच्या पदवीदानाला मंचाच्या मागे लावायचा पडदा. छापणारा खाली सही घेण्यासाठी खोळंबला होता. "फौजदारीणबाई, तपासणी करा," लार्येसाहेब म्हणाले. "तुमच्या सहीशिवाय ह्या विद्यापीठात कोंबडं आरवत नाही." गड्यांनी भिंतीशी कापड सोडलं. ते उलगडत खाली आलं आणि खोली आसनाने भरून गेली. माणसाहून उंच. बैठक डुफीच्या छातीच्या वर येत होती, कोणीतरी खूप मोठं बसेल अशी. भोवती पांढरं, मोकळं, नियमाप्रमाणे. सगळ्या बाजूंनी वाट मोकळी. शनिवारी त्याच्यासमोर हजारेक मुलं-मुली एकेक करून येणार, वाकणार, कागद घेणार.

नाकारू या, तिने ठरवलं. कारण सांगायची गरजच नाही. आजवर तिने केसाएवढ्या फरकावरून माल परत पाठवला होता. रंग जरा मळका, रेघ जरा जाड, एवढं पुरे होतं. तेवढ्या अवधीत काहीतरी करता येईल, समितीला लिहिता येईल, जुनी ढाल परत आणता येईल. ती पडद्याजवळ गेली. रंगाची पट्टी लावून सोनेरी तपासला. तंतोतंत. लाटांची जाडी बघितली, पुस्तकाचा कोन बघितला, मोकळी जागा फूटपट्टीने मोजली, मग पुन्हा मोजली. कापडाला नाक लावावं इतक्या जवळ जाऊन ती चूक शोधत होती. जन्मभर जिने लोकांच्या चुका काढल्या तिला आज एक धड चूक सापडेना.

"काय, सापडलं काही?" लार्येसाहेबांनी विचारलं.

"साहेब," ती म्हणाली, "हे आसन... तुम्हाला काही वाटत नाही?"

"मला? बाई, आमच्याकडे बाकं असतात बाकं. आसनं तुम्हा अशांतींची, तुमचं तुम्हाला माहीत. तुम्हीच तर उभं केलंत ना ते, समितीनंतर कार्यकारी मंडळात काय भाषण ठोकलं होतंत! विद्या पडलेली नको, उभी हवी. मी घरी जाऊन बायकोला ऐकवलं होतं." मग त्यांचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "तब्येत बरी आहे ना? बसा बरं तुम्ही आधी. बसा." आणि त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून नेमकी पडद्याच्या पुढ्यात ठेवली.

डुफी बसली नाही. तिला वाटलं बोलावं, आत्ता, ह्या भल्या माणसासमोर: साहेब, मला भीती वाटतेय, माझं मूल हलत नाहीये. पण गडी दारात उभे होते, आणि विद्यापीठात हां हां म्हणता पसरलं असतं की फौजदारीणबाई भुताला घाबरली. एवढ्या मोठ्या पगाराची, परदेशात शिकलेली बाई. ही लाज तिला अजून वाटत होती ह्याचीच तिला नंतर जास्त घृणा वाटली. तिने सही केली. पेन चाललं नाही, लार्येसाहेबांनी स्वतःचं दिलं, तिने त्याने केली. गड्यांनी आसन गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि नेलं.

मग ती निघाली. कोणाला काही न सांगता, पर्ससुद्धा न घेता, विद्यापीठाच्या इस्पितळाच्या दिशेने. वाटेत दिव्याच्या प्रत्येक खांबावर पताका होती. तिनेच लावायला सांगितल्या होत्या, पदवीदानासाठी, सारख्या अंतरावर. खाली बघून चालायचं तिने ठरवलं, तरी डोळ्यांच्या कडेने ती एकेक मोकळी बैठक मागे जाताना दिसत होती. तिला पळायचं होतं पण पोट धरून पळता येत नाही. ती पुटपुटत होती, आधी प्रभूची प्रार्थना, मग ती अर्ध्यात सुटली आणि नुसतंच, "उकिरड्या, अरे उकिरड्या, घाण आहेस तू, कोणाला नको आहेस, ऐकलंस का, कोणालाच नको आहेस." वाकये, म्हणजे चवळीभात, विकणाऱ्या बाईने ओळखीचा हात केला, हिने बघितलं नाही. कोणीतरी हाक मारली तेही ऐकलं नाही. तिला एकच कळत होतं की पोटात जे आहे ते जड झालंय, सकाळपेक्षा कितीतरी जड, आणि एका बाळाचं एवढं वजन नसतं.

बाळंतपणाच्या विभागात सिस्टर अफ्रियी होत्या, पन्नाशीच्या, भल्या थोरल्या अंगाच्या, निम्म्या कुमासीची बाळं हातांवर झेललेल्या. "ये गं बाई, काय झालं? धावत आलीस? मॅरेथॉन आहे का?" त्यांनी तिला टेबलावर निजवलं. उशीच्या अभ्र्यावर ढाल होती. डुफीने उशी डोक्याखालून ओढून जमिनीवर टाकली. "मान दुखेल," सिस्टर म्हणाल्या, पण उचलली नाही. त्यांनी पोटावर गार काहीतरी चोपडलं, यंत्राचं टोक टेकवलं आणि डोळे मिटून ऐकू लागल्या. यंत्रातून नुसती खरखर येत होती. टोक उजवीकडे गेलं, बरगडीखाली, जिथे तो नेहमी असायचा. खरखर. खाली गेलं. खरखर. सिस्टरांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं आणि डुफीने असला चेहरा आधी दोनदा बघितला होता. कोणीतरी कुठे नळ उघडला. आता हे सांगणार, तिने दात आवळले, आता सांगणार.

"हा बघ चोर!" सिस्टर एकदम म्हणाल्या. "इकडे येऊन लपलाय. डावीकडे, पार पाठीकडे." आणि खोलीभर घोडा दौडावा तसा आवाज झाला, स्वच्छ, भरभर, थांबत नाही असा. डुफीला रडू फुटलं. ती आवाज काढून रडली, लहान मुलीसारखी, नाक गळेपर्यंत, आणि सिस्टर एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने तिचे केस सारखे करत राहिल्या. "वेडी कुठली. मुलं कूस बदलतात, दमतात, झोपतात. तू नाही झोपत? एवढं शिकलेली तू." डुफी रडता रडता हसली. सगळं ठीक होतं. मामा बरोबर होते, चित्रात कोण बसतंय. ती बाफोला फोन करणार होती, आईला करणार होती, जाताना भाजलेली केळी घेणार होती.

तेवढ्यात लाथ बसली. डावीकडे, खोलवर, जिथे कधीच बसली नव्हती, आणि जोरात, एखाद्याने जागा करून घ्यायला कोपर मारावं तशी. डुफीचं हसू तिथल्या तिथे थिजलं. ही लाथ तिच्या ओळखीची नव्हती. यंत्रातला आवाज चालूच होता, भरभर, भरभर, आणि ऐकता ऐकता तिला वाटायला लागलं की प्रत्येक ठोक्याच्या पाठोपाठ, अगदी लगेच, आणखी एक ठोका येतोय.

"सिस्टर," ती म्हणाली, "ठोके एकाचेच आहेत ना?"

सिस्टर अफ्रियी खदखदून हसल्या. "का गं? आता जुळी हवीत होय? आत्ताच तर एकासाठी जीव टाकत होतीस! एकाचेच आहेत, एकाचेच." त्या पोट पुसायला कापड घेऊन वाकल्या, तशी डुफीने त्यांचं मनगट धरलं, नखं रुततील इतकं घट्ट, आणि यंत्राचं टोक पुन्हा आपल्या पोटावर दाबलं.

"परत ऐका," ती म्हणाली. "नीट ऐका ना."